ब्रॉडवेवरचे गाणारे डायनर

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवरून ब्रॉडवेने उत्तरेकडे चालू लागले, की ५१व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर माणसांची रांग दिसते. नाटकाच्या तिकिटांची असावी असे वाटते, पण ती असते जेवणासाठी. 'एलेन्स स्टारडस्ट डायनर' हे त्या जागेचे नाव. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला गेलेली आपली मंडळी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग पाहून परततात. जमले तर एक सकाळ या डायनरसाठीही राखून ठेवावी.

डायनर म्हणजे आपल्या एसटी स्टँडसमोरच्या उपाहारगृहाचा अमेरिकन भाऊबंद. झटपट, पोटभर आणि साधे खाणे. १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने (कादंबरीकार नव्हे!) घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणे विकायला सुरुवात केली, तिथून ही परंपरा निघाली. पुढे रेल्वेच्या डब्यासारखी लांबट डायनर कारखान्यात तयार होऊ लागली. १९५०च्या दशकात त्यांचा थाट शिगेला पोहोचला. नंतर हॅम्बर्गरच्या साखळी दुकानांनी त्यांचे गिऱ्हाईक पळवले. खरी डायनर कमी होत गेली आणि १९८०च्या दशकात त्यांची हौशी नक्कल करणारी नवी डायनर निघाली. स्टारडस्ट १९८७ सालचे, म्हणजे त्यांपैकीच एक.

आत लाल गाद्यांची बाके आणि चकचकीत कडा. डोक्यावरच्या रुळांवरून खेळण्यातली आगगाडी फिरते. भिंतींवर हसऱ्या तरुणींची छायाचित्रे आहेत. या 'मिस सबवे'. १९४१ ते १९७६ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांत निवडक मुलींची छायाचित्रे झळकत. या कोणी सिनेनट्या नव्हत्या. कोणी कचेरीत टायपिंग करणारी, कोणी कॉलेजात शिकणारी. छायाचित्राखाली तिच्या आवडीनिवडी आणि स्वप्ने यांबद्दल दोन ओळी. डायनरच्या मालकीण एलेन हार्ट स्टर्म १९५९ साली स्वतः मिस सबवे होत्या. भिंतीवरच्या मुली आणि डोक्यावरची गाडी कुठून आली, हे यावरून कळते.

मात्र रांग लागते ती गाण्यासाठी. ऑर्डर घेणारी मुलगी पाहता पाहता माइक हातात घेते आणि बाकांमधून फिरत खुल्या आवाजात गाऊ लागते. तिचे संपते न संपते तोच बशा उचलणारा मुलगा सुरू होतो. गाणी जुन्या रॉक अँड रोलपुरती राहत नाहीत, ब्रॉडवेच्या संगीतिकांतलीही असतात. आवाज तयारीचे, कारण ही मुले ब्रॉडवेवर काम मिळावे म्हणून या शहरात आलेली असतात. दिवसा निवड चाचण्या द्यायच्या, उरलेल्या वेळात ट्रे उचलायचे. अधूनमधून एक बादली टेबलांवरून फिरते. त्यात पडलेले पैसे त्यांच्या गाण्याच्या आणि नृत्याच्या शिकवणीला जातात. कोणाला भूमिका मिळाली, तर ते सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाळ्या घेतल्या जातात. हसतखेळत चाललेल्या या कामामागे पोटाचा प्रश्न आहेच. २०१६ साली इथल्या वेटर मंडळींनी आपली कामगार संघटनाही बांधली होती.

मिल्कशेक पिता पिता एक विचार मात्र डोक्यातून जात नाही. इथे मांडलेला हा गोड भूतकाळ नक्की कोणाचा? १९५०च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना अशा कितीतरी काउंटरवर बसू देत नसत. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि उठायला तयार झाले नाहीत. जुलैमध्ये तो काउंटर सर्वांना खुला झाला. त्याचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आपले म्हणाल, तर १९४६च्या कायद्याने भारतीयांना तिथे स्थायिक होण्यासाठी वर्षाला जेमतेम शंभर जागा होत्या. १९६५ साली कायदा बदलला, तेव्हा कुठे दारे उघडली. त्या लाल बाकावर आज ऐसपैस बसलेले मराठी कुटुंब खऱ्या पन्नासच्या दशकात तिथे दिसणे कठीणच होते. मिस सबवेंच्या बाबतीत मात्र न्यूयॉर्कने लवकर पाऊल उचलले. १९४८ साली थेल्मा पोर्टर ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी निवडली गेली. मिस अमेरिकेचा मुकुट कृष्णवर्णीय मुलीच्या डोक्यावर यायला १९८३ साल उजाडले.

आता खाण्याचे. खरे सांगायचे तर केवळ चवीसाठी एवढ्या लांब जाऊ नये. बर्गर, बटाट्याचे तळलेले काप, पॅनकेक हा सगळ्या डायनरचा ठरलेला मामला. शाकाहारी मंडळींनी चीज सँडविच किंवा पॅनकेक मागवावेत, पण सोबत मांसाचा तुकडा येणार नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. मिल्कशेक दोघांत एक पुरतो. मेनूतल्या किमतीवर कर चढतो आणि त्याशिवाय शेकडा अठरा-वीस टिप देण्याची तिथे रीत आहे. ती बिलात आधीच धरली आहे का, हे पाहून घ्या. नाटके सुरू होण्याआधीची संध्याकाळची वेळ टाळा, सकाळी नाश्त्याला गेलेले बरे. आजी-आजोबांना कान दुखण्याइतका आवाज वाटेल, लहान मुले मात्र हलायला तयार होत नाहीत. आणि एखाद-दुसरा सुटा डॉलर हाताशी ठेवा. बादली आपल्या टेबलाशी येईपर्यंत मघाशी गाणारी मुलगी शेजारच्या टेबलावर कॉफी ओतत असते.