लिलावातील निळी मोटार

लिलाव हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांच्या बरोबर आला. त्यांच्या शब्दाला आपण मराठी वळण दिले, आणि पुढे त्यास जप्तीची व दिवाळखोरीची अशी अप्रिय संगत जडली. सावकाराने घराचा लिलाव केला, सरकारने जमिनीचा लिलाव पुकारला, असेच आपण ऐकत आलो. गोव्यात मात्र ह्याच व्यवहाराचे एक प्रसन्न रूप नांदत आहे. उत्सव आटोपला की देवळाच्या मंडपात पावणी होते. देवापुढील नारळ, फळे, केळीचा घड पुकारला जातो. आणि जो नारळ बाजारात घासाघीस केल्यावाचून कोणी घेणार नाही, त्याच नारळास भाविक दहापट, वीसपट मोल देतो. त्याला कोणी वेडा म्हणत नाही. नारळ इतर नारळांसारखाच असतो. पण तो कोठून आला हे साऱ्या मंडपास ठाऊक असते.

पावणीची ही आठवण आम्हांस झाली ती एका विलायती मोटारीच्या निमित्ताने. आम्ही मोटारींचे षौकीन नव्हे. आमच्या दारी दुचाकीखेरीज दुसरे वाहन आजवर उभे राहिलेले नाही. परंतु ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मॉन्टेरे येथे एक जुनी निळी शर्यतीची मोटार लिलावास निघाली, तिची हकीकत वाचनात आली, आणि तेव्हापासून ती मनातून हलत नाही.

मोटारीचे नाव जॅग्वार डी-टाइप. सांगाड्याचा क्रमांक एक्सकेडी ५०१. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात ती तयार झाली व १९५५ साली शर्यतीत उतरली. ह्या जातीच्या मोटारीचे अंग ज्याने रेखिले तो माल्कम सेयर पूर्वी विमानांच्या कारखान्यात काम केलेला गणिती वृत्तीचा मनुष्य होता. वारा अंगावरून कसा निसटेल ह्याचा हिशेब कागदावर मांडून त्याने तिचे वळण ठरविले. त्यामुळे नाकापासून शेपटापर्यंत तिला कोठे कोपरा म्हणून नाही. लांब सरळ रस्त्यावर भरधाव जाताना ती डगमगू नये म्हणून चालकाच्या मस्तकामागे, माशाच्या पाठीवर असतो तसा, उभा पर बसवीत. चाकांना थाळीसारखे चपटे ब्रेक, आणि नाकात सहा नळकांड्यांचे, ३,४४२ घनसेंटिमीटरांचे इंजिन. एवढा ऐवज.

ही मोटार एका लहानशा स्कॉटिश संघाने घेतली. संघाचे नाव ‘एक्युरी एकोस’. फ्रेंच भाषेतील ह्या नावाचा अर्थ ‘स्कॉटलंडची पागा’, आणि तो आम्हांस फार आवडला. पागा म्हटली की घोड्याबरोबर मोतद्दारही आलाच. डेव्हिड मरे हा एडिंबरोचा हिशेबनीस ह्या पागेचा चालक. शहरातील मर्चिस्टन म्यूज नावाच्या एका गल्लीत त्यांचे ठाणे होते. मोटारींना त्यांनी स्कॉटलंडच्या निशाणाचा निळा रंग दिला होता.

१९५६ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जुलैच्या २८ व २९ तारखांस झाली. आदल्या वर्षी तेथे भीषण अपघात होऊन ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. मार्गाची दुरुस्ती करावयाची म्हणून शर्यत जूनऐवजी जुलैत ढकलली गेली. जॅग्वार कारखान्याच्या स्वतःच्या तीन मोटारी मैदानात होत्या. त्यांतील दोन दुसऱ्याच फेरीत घसरून बाद झाल्या, आणि तिसरी इंधनाच्या नळीतील बिघाडाने मागे पडली. उरली पागेची एकुलती एक निळी मोटार, क्रमांक चार. रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन ह्या दोघा स्कॉट चालकांनी ती आळीपाळीने रात्रभर हाकली व दुसऱ्या दिवशी पहिल्या क्रमांकाने आणली. तिच्या ३०० फेऱ्या झाल्या. मागून आलेल्या ॲस्टन मार्टिनच्या २९९. चार हजारांहून अधिक किलोमीटरांच्या दौडीत अंतर राहिले ते एका फेरीचे. त्या ॲस्टन मार्टिनवर स्टर्लिंग मॉससारखा चालक होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका फेरीचे वजन कळते.

साठ वर्षांनी, मॉन्टेरेच्या लिलावात, हीच मोटार २,१७,८०,००० डॉलरांस गेली; त्या वेळच्या दराने सुमारे १४५ कोटी रुपये. ब्रिटिश बनावटीच्या कोणत्याही मोटारीस तोवर लिलावात एवढी किंमत आली नव्हती. पुढच्याच वर्षी त्याच गावी एका ॲस्टन मार्टिनने हा विक्रम मोडला.

आता वाचक विचारतील, की इतके द्रव्य कशाबद्दल? वेगाबद्दल म्हणावे, तर आजच्या कित्येक मोटारी तिला सहज मागे टाकतील. बनावटीबद्दल म्हणावे, तर तीही अडचण आहे. १९५७ च्या फेब्रुवारीत जॅग्वारच्या कारखान्यास आग लागली, तीत ह्याच डी-टाइपवरून रस्त्यासाठी तयार होत असलेल्या एक्सकेएसएस जातीच्या नऊ मोटारी भस्म झाल्या. कारखान्याने २०१६ साली जाहीर केले, की त्या नऊ मोटारी आम्ही जुन्या बरहुकूम पुन्हा घडवू. तिकडच्या वृत्तांत आपणांस आपुलकी वाटावी असा एक दुवा आहे: जॅग्वार कंपनी २००८ साली मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली. पुढे २०१८ मध्ये कारखान्याने पंचवीस नव्या डी-टाइपही घडवावयास घेतल्या. १९५५ साली शंभर करण्याचा बेत होता व पंचाहत्तरच झाल्या होत्या, तो आकडा पुरा करावयाचा म्हणून. कारखाना तोच, घाट तोच. त्या नव्या एक्सकेएसएसची किंमत दहा लाख पौंडांच्या वर होती. सामान्य मनुष्यास ही रक्कमही छाती दडपणारी. तरी जुन्या निळ्या मोटारीच्या किमतीपुढे ती सोळाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. उरलेले पंधरा हिस्से कशाचे?

लिलाववाले सांगत होते, की ल माँ जिंकलेल्या त्या काळच्या जॅग्वारांत मूळ अंगानिशी टिकलेली अशी हीच. मूळपणाचे हे मोल आम्हांस पटते; पण तेवढ्याने समाधान होत नाही. कारण ह्याच्या नेमका उलट असा एक दाखला इंग्लंडच्याच न्यायदरबारात नोंदलेला आहे. ‘ओल्ड नंबर वन’ नावाने प्रसिद्ध असलेली एक बेंटली १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँ जिंकली. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती कठड्यावरून उडाली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी प्राणास मुकला. त्याआधी आणि नंतर तिचा सांगाडा बदलला, इंजिन बदलले, अंगही बदलले. पुढे एका कोटी पौंडांच्या सौद्यावरून वाद पेटला. घेणाऱ्याचे म्हणणे, ही ती मोटारच नव्हे. १९९० साली न्यायमूर्ती ऑटन ह्यांनी निकाल दिला, की १९२९ व १९३० सालचे लोखंड हिच्यात फारच थोडे उरले असले, तरी ती ‘ओल्ड नंबर वन’च आहे, तिची कहाणी मध्ये कोठे तुटलेली नाही.

हा निकाल आम्हांस बेळगावी आमच्याच घरात कळला होता, फक्त त्यास न्यायमूर्तींची भाषा नव्हती. आमच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा माजघरातील लंबकाच्या घड्याळावर गाडे अडले. त्याची कमान दोनदा बदललेली, काच नवी, तबकडीवरचे आकडे पाट्या रंगविणाऱ्या एका कारागिराने पुन्हा काढलेले. भंगारवाल्याने ते तराजूत घालून भाव सांगितला. धाकटे काका त्यावर चिडले. थोरले काका म्हणाले, की तो बिचारा त्याच्यापुरते खरेच बोलतो आहे. मग काकूंनी एवढेच विचारले, “दर रविवारी ह्याला किल्ली कोण देणार?” ज्याने उत्तर दिले त्याच्या घरी घड्याळ गेले. वास्तविक त्याच्या दोन खोल्यांत ते लावावयास धड भिंतही नव्हती.

त्या पंधरा हिश्श्यांचे उत्तर आम्हांस येथे सापडते. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी किल्ली देत आले, कोणीतरी तेल बदलीत आले, कोणीतरी ‘मोडीत काढा’ म्हणणाऱ्यास नकार देत आले. त्या अखंड राखणीचा तो दाम आहे. फ्लॉकहार्ट १९६२ साली ऑस्ट्रेलियात विमान कोसळून गेला. मर्चिस्टनच्या गल्लीत मध्यरात्री दिव्याखाली बोल्ट आवळणाऱ्या साऱ्यांचीच नावे काही कोणास ठाऊक नाहीत. त्यांचे श्रम मोटारीत साठले, आणि घण पडला तेव्हा त्यांचेच मोल झाले. पैका मात्र त्यांच्यापैकी कोणाच्या घरी गेला नाही. पागा प्रसिद्ध होते, मोतद्दार विसरला जातो, ही रीत जुनीच आहे.

लिलावाविषयी आमची खरी तक्रार ह्याहून वेगळी आहे. काकूंनी विचारलेला प्रश्न तेथे विचारला जात नाही. किती देता, एवढेच तेथे विचारतात. यंत्राचा धर्म असा, की ते ठेवून दिले तर झिजत नाही, पण बिघडते. रबर सुकते, टाकीतले पेट्रोल चिकट होते, ब्रेकच्या द्रवात दमट हवा मुरते. शर्यतीसाठी जन्मलेली मोटार गालिच्यावर उभी केली, तर ती काही वर्षांत आपल्याच आकाराचे चित्र होऊन बसेल. पावणीतील नारळ घरी नेऊन कोणी कपाटात ठेवीत नाही. तो फोडून आळीत वाटतो.

सुदैवाने असे वाटणारे श्रीमंतांतही आहेत. इंग्लंडमध्ये गुडवुड येथे १९९८ पासून जुन्या मोटारींच्या शर्यती भरतात, आणि कोट्यवधींच्या मोटारी त्यांचे मालक धुळीत, पावसात, ओरखड्याची भीती न बाळगता पळवितात. ओरखडा आलाच, तर एखादा कारागीर पत्रा ठोकावयास बसतो, शेजारी एखादा पोऱ्या हत्यारे देत उभा असतो, आणि पत्रा कसा ठोकावा हे त्याला बघून कळते. निळ्या मोटारीच्या नव्या धन्याकडेही असा एक पोऱ्या असावा, एवढीच आमची इच्छा.