दर्याची सुट्टी

मुलांनो, तुम्हांला उन्हाळ्याची सुट्टी असते, दिवाळीची सुट्टी असते. पण दर्याला सुट्टी असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मलाही ठाऊक नव्हतं. मी मूळची सातारकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर कृष्णामाई. २०२४ च्या जूनमध्ये मालवणजवळच्या एका शाळेत माझी नेमणूक झाली आणि मी दांडीच्या किनाऱ्याजवळ खोली घेऊन राहिले. मालवण म्हटलं, की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सिंधुदुर्ग किल्ला, पांढरी वाळू, होडीतली सफर. हो ना? मी मात्र जे मालवण पाहिलं, त्यात होडी वाळूवर होती आणि होडीतली माणसं घरात!

ही माणसं म्हणजे माझे घरमालक, तात्या आणि काकी. दोघंही साठीच्या आसपासची. त्यांच्याकडे एक लहान होडी आहे. आधी तात्या आणि त्यांचा मुलगा मिळून मासेमारीला जायचे. मुलगा नोकरीसाठी गोव्याला गेला, सूनही गेली, नातू सोन्या शाळेसाठी इथेच राहिला. होडीवर दुसरा माणूस हवाच. मग काकीच होडीवर चढल्या! "आधी लोक हसले," काकी सांगत होत्या, "मगे हसूक कंटाळले." आता गेली आठ वर्षं ही जोडी पहाटे होडी लोटते आणि उन्हं चढायच्या आत परत येते. तात्या मशीन सांभाळतात, काकी जाळं ओढतात. मग त्याच टोपली घेऊन बाजारात बसतात.

मी राहायला गेले तेव्हा मात्र दोघंही घरी होती. होडी माडांखाली ओढून ठेवलेली. वीसेक माणसांनी ओंडक्यांवरून ढकलत ढकलत ती वर आणली होती. तिच्यावर झावळ्यांची झापं, त्यावर ताडपत्री. आणि होडीचं मशीन कुठे होतं, सांगा पाहू? घरात! गोणपाटात गुंडाळून माजघराच्या कोपऱ्यात, अगदी पाहुण्यासारखं. घर गळायला लागलं तर आधी मशीन हलवायचं, मग माणसांनी हलायचं, असा तिथला कायदा. सोन्या त्याच्यावर दप्तर ठेवायचा आणि रोज ओरडा खायचा.

मी विचारलं, "तात्या, आता दोन महिने तुम्ही रिकामेच की!"

"रिकामे कसले? हात चलतत मा!" तात्या म्हणाले.

खरंच, हात चालत होते. पडवीत बसून तात्या जाळी दुरुस्त करायचे. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवायचं आणि चपट्या सुईनं एकेक भोक नव्यानं विणायचं. मी पाहत बसायची. बांगडा जाळ्यात कसा सापडतो, ते मला तिथेच कळलं. हे जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. वर तरंगणाऱ्या गोळ्या, खाली शिशाचं वजन. मासा पोहत येतो, डोकं भोकात घालतो, पण अंग जाडं असल्यामुळे पुढे जात नाही. मागे फिरावं, तर कल्ले धाग्यात अडकतात. भोक मोठं असलं, तर लहान पिल्लं आरपार निघून जातात. म्हणून भोकाचं माप महत्त्वाचं. "बारीक भोकाचा जाळा म्हणजे उद्याचो मासो आजच खावचो," असं तात्या म्हणायचे.

आता सुट्टीचं सांगते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी होती. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे चेन्नई, विशाखापट्टणम, पुरीकडे ती १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. वल्ह्यावर चालणाऱ्या, बिनमशीनच्या होडीला ही बंदी नसते. तात्यांच्या होडीला मशीन आहे, म्हणून त्यांना ती लागू. बंदी कशासाठी? एक तर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, माणसांच्या जिवाला धोका. दुसरं कारण जास्त मजेदार आहे. पाऊस पडला, की नद्या रानातली माती, पालापाचोळा घेऊन समुद्रात येतात. वाऱ्यामुळे खालचं थंड पाणी वर येतं, तेही सकस असतं. अशा पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात. म्हणजे पिल्लांसाठी खाऊचं ताट वाढलेलंच! बांगडा, तारली असे मासे याच सुमाराला अंडी घालतात. तेव्हाच जाळी टाकली, तर अंड्यांनी भरलेल्या माद्याच सापडायच्या.

"ह्या दोन म्हयन्यात दर्यो आमचो नाय, माशांचो," काकींनी एका वाक्यात सांगितलं. मला शाळेत ते समजावायला अख्खा तास लागला!

पण मुलांनो, दर्याला सुट्टी म्हणजे तात्यांना पगारी सुट्टी नव्हे बरं. मासे नाहीत तर पैसे नाहीत. काकींच्या फडताळात तीन डबे होते. एक तांदळाचा, म्हणजे तांदळासाठीच्या पैशांचा. दुसरा जाळ्याच्या दोऱ्याचा. तिसरा सोन्याच्या शाळेचा. मे महिन्यात भरलेले हे डबे ऑगस्टपर्यंत पुरवायचे. एका डब्यातून दुसऱ्यात पैसे गेले, की काकी डब्याखाली एक खडा ठेवायच्या. परत करायची आठवण म्हणून. माझ्या गणिताच्या पुस्तकात इतकं चांगलं उदाहरण एकही नव्हतं.

जेवणात ताजे मासे नसायचे, पण चव कमी नव्हती. सकाळी गरम पेज, बरोबर निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. दुपारी कुळथाची पिठी आणि भात. पहिल्या पावसानंतर उगवलेल्या टाकळ्याची भाजी. फणसाच्या आठळ्या चुलीत भाजून सोन्या खिशात भरायचा आणि वर्गात वाटायचा. मी पाहिलं नाही, असं दाखवायची.

जुलैतल्या एका रविवारी पाऊस थांबला. तात्या म्हणाले, "चला बाई, मालवण बघूया." काकीही निघाल्या. त्यांना म्हणे एरवी सवडच नसते! आम्ही बंदरावर गेलो. समोर सिंधुदुर्ग. इतका जवळ, की हात लावावा, पण जाता येईना. मेच्या अखेरीपासूनच पर्यटकांच्या होड्या बंद होतात. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू करवलं. पुरं व्हायला तीनेक वर्षं लागली. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं आहे. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. आणि चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. किती गोड नावं! तटावर लाटा आपटून पांढरा फेस उडत होता. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. "पावसात त्येंका बाजार लांब पडता," तात्या म्हणाले. चालत गेलं तर पाच-दहा मिनिटांचं अंतर असेल, पण मध्ये दर्या!

तिथून रॉक गार्डनला गेलो. काळ्या खडकांवर लाटा फुटत होत्या. तात्या बराच वेळ एका जागी उभे राहिले. मला वाटलं, देखावा बघताहेत. ते लाटा मोजत होते. कुठली लाट कुठून उठते, वारा कुठल्या अंगाचा आहे, ढग किनाऱ्याला समांतर सरकतात की आत येतात... आपण पुस्तक वाचतो, तसं ते पाणी वाचत होते. काकी मात्र बाजाराकडे ओढत होत्या. तिथे त्यांनी सोन्यासाठी गूळ-आल्याचं मालवणी खाजं घेतलं. कुठल्या डब्यातून, ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर एका डब्याखाली नवा खडा दिसला!

३१ जुलैला बंदी संपली. १ ऑगस्टला आसपासच्या काही होड्या पाण्यात गेल्या. मला वाटलं, आता आमचंही मशीन माजघरातून हलणार. पण तात्या जाग्यावरून उठेनात. त्यांच्या घरी एक जुनी रीत आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही. २०२४ साली ती पौर्णिमा होती १९ ऑगस्टला. म्हणजे आणखी १९ दिवस! आदल्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे ती ३० ऑगस्टला होती, तेव्हा तर महिनाभर थांबावं लागलं होतं.

"सरकारची तारीख येगळी, दर्याची येगळी," तात्या म्हणाले.

तिकडे डब्यांचा तळ दिसायला लागला होता. सोन्याला नव्या वह्या हव्या होत्या. शेजारच्या वाडीतली एक होडी टोपल्या भरून बांगडे घेऊन आली. सोन्या धावत आला. "आजा, ते गेले, मगे आपण कित्याक नाय?" तात्या गप्प. त्या रात्री नवरा-बायकोचं बोलणं माझ्या खोलीत ऐकू येत होतं. काकी म्हणत होत्या, "सोन्याच्यो वह्यो कशान हाडूच्यो?" तात्या काही बोलले, ते कळलं नाही. मग बराच वेळ नुसता पावसाचा आवाज.

सकाळी उठून पाहते तर काय, काकी एकट्याच वाळूवर उभ्या! बऱ्याच वेळानं परत आल्या आणि म्हणाल्या, "वारो अजून धड नाय. थांबूया." दुसऱ्या दिवशी एक होडी फाटकं जाळं घेऊन परतली. माणसं सुखरूप होती. पण मुलांनो, खरं सांगायचं तर त्याच दिवशी दुसऱ्या दोन होड्या भरूनही आल्या. थांबणारेच शहाणे आणि जाणारे वेडे, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरचा डबा रिकामा, त्याला आपण लांबून काय सांगणार? काकींनी त्या आठवड्यात खारवलेल्या बांगड्यांची शेवटची माळ विकली आणि वह्या आणल्या. मी खोलीचं भाडं आगाऊ देऊ केलं, तर त्यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, "तारखेकच द्या."

नारळी पौर्णिमा आली. तात्यांनी धुतलेला सदरा घातला. घरचा नारळ सोनेरी कागदात गुंडाळला. बंदरावर ही गर्दी! दर्याला नारळ दिले गेले. मग सुरू झाला नारळ लढवण्याचा खेळ. एकानं नारळ धरायचा, दुसऱ्यानं आपला नारळ त्यावर आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला. मालवणात बायकांच्याही नारळाच्या लढती होतात. काकींनी जाड कवटीचा नारळ महिनाभर आधीच निवडून ठेवला होता! तीन नारळ त्यांनी फोडले, चौथ्याला त्यांचा फुटला. हरल्यावर त्याच सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या. फुटलेलं खोबरं सोन्यानं आणि मी तिथेच संपवलं.

दोन दिवसांनी पहाटे मशीन माजघरातून निघालं. ताडपत्री उतरली, झापं बाजूला झाली. शेजारीपाजारी जमले. मीही हात लावला. "हैय्या!" होडी वाळूवरून घसरली आणि पाण्याला टेकली. काकींनी पदर खोचला, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि उडी मारून वर चढल्या. होडी लहान लहान होत गेली. सोन्या शेवटपर्यंत हात हलवत होता.

त्या दिवशी काय मिळालं असेल? दोन टोपल्या बांगडे. फार नाही, थोडकेही नाहीत. संध्याकाळी काकींनी डब्यांखालचा एक खडा काढून अंगणात फेकला. दोन शिल्लक होते.

सप्टेंबरमध्ये मी वर्गात निबंध दिला, 'माझी सुट्टी'. सोन्यानं लिहिलं होतं, "आमच्या घरी सुट्टी माशांना असते. आम्ही तेव्हा जाळी शिवतो." दोनच वाक्यं! मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या खाली लाल शाईनं दाखवल्या. शिक्षक आहे ना मी!

तुम्ही मालवणला आलात, तर बहुधा दिवाळीत किंवा मेमध्ये याल. किल्ला पाहाल, खाजं खाल. जरूर या. पण कधीतरी आईबाबांना सांगून भर पावसातही या. किल्ल्यात जाता येणार नाही, पोहता येणार नाही. पण माडांखाली झाकलेल्या होड्या दिसतील आणि पडवीत जाळं विणणारं कुणी दिसेल. त्यांना "तुम्ही रिकामे का?" असं मात्र विचारू नका हं!