औषध पखालीला

‘रोग म्हशीला आणि औषध पखालीला’ ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत वाक्यात उपयोग करून सोडून दिली. ती मोटारीच्या इंजिनालाही लागू पडते, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळले.

बाबा आर्वी-वर्धा रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतात. माझी फी त्या गाडीतूनच निघते. मे महिन्यात ही गाडी रुसू लागली. सकाळी नीट धावायची, पण भर दुपारी आंजीजवळ एकदम बंद पडायची आणि अर्धा तास विसावली की आपोआप सुरू व्हायची. एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात निघालेली एक म्हातारी बाभळीच्या तोकड्या सावलीत ताटकळत बसली. बाबांनी तिचे भाडे घेतले नाही. एका गॅरेजात यंत्र लावून पाहिले, तेव्हा ‘क्रँक सेन्सर गेला’ असे निदान झाले. नवा बसवला. आठवड्याने पुन्हा तेच. मग आणखी एक बसवला. तरीही तेच! शेवटी घरात गाडी विकण्याची गोष्ट निघाली. त्या रात्री कुणी नीट जेवले नाही.

हा क्रँक सेन्सर म्हणजे इंजिनाचा पहारेकरी. दांड्याबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्राचे दात तो मोजतो आणि ठिणगी केव्हा पाडायची, इंधन केव्हा सोडायचे, हे त्यावरून गाडीतला संगणक ठरवतो. ही वर्दी थांबली की इंजिनही थांबते. उष्णतेने सेन्सरच्या आतली तार सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, असे खरोखर घडते. म्हणून संशय अगदीच खोटा नव्हता. पण यंत्र सांगते ते एवढेच, की या वाटेने वर्दी येत नाही. ती कुठे अडली, हे माणसानेच शोधायचे असते.

वर्ध्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ते शोधले. “सेन्सर काहून बदलता, भाऊ? त्याची वायर कोणी पाहिली का?” असे म्हणून त्यांनी इंजिन तापू दिले आणि वायर हळूच हलवली. गाडी बंद! लोखंडी पट्टीवर घासून वायरचे वेष्टण झिजले होते आणि आतली तार तुटत आली होती. त्यांनी ती जोडली, पट्टीपासून दूर बांधली, आणि गाडी आजतागायत रस्त्यात थांबलेली नाही.

मग मला या विषयाचा नादच लागला. धुराच्या नळीत बसणारा ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंशांवर तापल्यावरच काम करतो. इंजिन ऑइल जाळू लागले की त्याच्यावर राख बसते. ऑइल जळणे थांबवले नाही, तर नव्या सेन्सरचीही तीच गत होते. हवा मोजणाऱ्या सेन्सरची बारीक तार धुळीने माखते, कारण फिल्टर फाटलेला असतो. कुठे उंदीर वायर कुरतडतात, तर कुठे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने इंजिन धुतल्यामुळे जोडणीत गंज चढतो. तापमानाच्या सेन्सरची तार तुटली, तर संगणकाला इंजिन उणे ४० अंशांवर गोठले आहे असे वाटू शकते, आणि तेही वर्ध्याच्या मे महिन्यात! देशात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. तेव्हापासून असे पहारेकरी वाढले आहेत, आणि त्यांच्या माथी येणारे आरोपही.

माणसांच्या बाबतीतही आपण असेच करतो का? खेड्यावरून येणाऱ्या मुलाच्या नावापुढे पहिल्या तासाला ‘गैरहजर’ लागते. हजेरीपट खोटे बोलत नाही. तास चुकलेलाच असतो. पण तो का चुकला, हे हजेरीपटात नसते. ते एस.टी.च्या वेळेत असते, किंवा रात्रीच्या विजेवर केलेल्या ओलितात असते. तीन गैरहजेऱ्यांनंतर आपण त्याला ‘बिघडलेला’ ठरवून मोकळे होतो. त्याआधी कुणी तरी, प्राध्यापकांनी किंवा बाकावरच्या सोबत्याने, “काहून रे, काय झाले?” एवढे विचारावे. त्याला खर्च काहीच नाही.