मुकत्तमच्या कड्यावरून दिसणारी अक्षरे

इजिप्तची राजधानी कैरो पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा गिझाचे पिरॅमिड, नाईलचा काठ आणि खान अल-खलीलीची जुनी बाजारपेठ असा क्रम आधीच ठरवून निघतो. शहराच्या पूर्वेस मुकत्तम नावाची चुनखडीची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी मन्शियत नासर हा विटा-सिमेंटच्या उघड्या इमारतींचा दाट भाग पसरला आहे. त्यातील एका वस्तीत कैरोच्या घराघरांतून उचललेला कचरा येतो. गल्ल्यांतून पोत्यांनी शिगोशीग भरलेल्या गाड्या जातात. इमारतींच्या तळमजल्यांवर कागद, काच, पत्रा, कापड आणि प्लास्टिक निवडण्याचे काम चालते, आणि वरच्या मजल्यांवर तेच काम करणारी कुटुंबे राहतात.

या लोकांना कैरोवासी ‘झब्बालीन’ म्हणतात, म्हणजे कचरावाले. त्यांपैकी बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती आहेत. त्यांचे वाडवडील मूळचे शेतकरी. दक्षिणेकडील असियुत परिसरातून १९४०च्या दशकापासून ते पोटापाण्यासाठी राजधानीत आले. तेथे कचऱ्याचा व्यवसाय आधीच मरुद्यानांतून आलेल्या ‘वाहिया’ मंडळींच्या हाती होता. घरमालकांशी करार वाहियांचा आणि भाडेकरूंकडून वसूल होणारी रक्कमही वाहियांची. नव्याने आलेले शेतकरी प्रत्यक्ष कचरा उचलीत, आणि तो उचलण्याच्या हक्कापोटी वाहियांना उलट पैसे मोजीत. श्रम करून वर पैसे देण्याचा हा सौदा प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु त्यांची मिळकत मजुरीत नव्हती, मालात होती. ओला कचरा डुकरांना खाद्य म्हणून जाई आणि सुका कचरा निवडून विकला जाई. इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूत किंमत पाहण्याची दृष्टी हेच त्यांचे भांडवल होते.

ही दृष्टी पुढे पुष्कळ विकसित झाली. सुमारे १९७०पासून ही मंडळी मुकत्तमच्या पायथ्याशी स्थिरावली. वस्तीत प्लास्टिक दळणारी यंत्रे आणि कापडाच्या चिंध्या वळविणारे कारखाने उभे राहिले. गोळा केलेल्या कचऱ्यापैकी सुमारे ८० टक्के भाग ते पुन्हा वापरात आणतात, असे अभ्यासक सांगतात. मोठमोठ्या कंपन्यांनाही हे प्रमाण साधलेले नाही. तरीही २००३ साली शहराच्या स्वच्छतेचे कंत्राट परदेशी कंपन्यांना देण्यात आले. पुढे २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने देशातील सर्व डुकरे मारण्याचा आदेश काढला. लक्षावधी मुक्या जिवांचा संहार झाला, या कुटुंबांचे उत्पन्न बुडाले, आणि ओल्या कचऱ्याचे ढीग कैरोच्या रस्त्यांवर कुजत पडले. ज्यांच्याकडे नाक मुरडून पाहिले जात होते, त्यांचे काम थांबताच त्या कामाचे मोल नगरीला कळले. परंतु मोल कळणे आणि मान मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याच वस्तीत २०१६ साली एल सीड या नावाने ओळखला जाणारा भित्तिचित्रकार आला. त्याचा जन्म १९८१ साली पॅरिसमध्ये झाला. आईवडील ट्युनिशियाचे. घरात बोलीभाषा कानावर पडे, मात्र अरबी लिपी लिहिता-वाचता येत नव्हती. फ्रान्समध्ये वाढताना आपण नेमके कोठले, हा प्रश्न त्याला छळू लागला आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर तो लिपी शिकू लागला. त्या अक्षरांनीच त्याला भिंतीपाशी नेले. पारंपरिक सुलेखन आणि रस्त्यावरचे रंगकाम यांच्या मिश्रणातून त्याची शैली घडली. तो माणसांची चित्रे काढीत नाही, तर एखादे वचन घेतो आणि त्याची अक्षरे वेलीसारखी एकमेकांत गुंफीत जातो.

त्याच्या भ्रमंतीतील मोठा टप्पा म्हणजे त्याच्या पूर्वजांच्या प्रदेशातील गाबेस हे शहर. तेथील जारा मशिदीचा ५७ मीटर उंच मिनार १९९४ साली बांधला गेला आणि नंतर १८ वर्षे करड्या काँक्रीटच्याच रूपात उभा होता. २०१२च्या उन्हाळ्यात एल सीडने तो रंगविण्याची इच्छा तेथील इमामांपाशी व्यक्त केली. त्याच सुमारास देशाच्या राजधानीजवळ एका चित्रप्रदर्शनावरून दंगली उसळल्या होत्या. त्यामुळे मशिदीवर चित्रकाराला हात लावू देणे ही साधी गोष्ट नव्हती. इमामांनी मात्र आनंदाने होकार दिला. काय लिहिणार हे विचारले नाही, आराखडाही मागितला नाही. एल सीडने कुराणातील जे वचन निवडले, त्याचा आशय असा, की माणसांची निरनिराळी कुळे आणि राष्ट्रे घडली ती परस्परांची ओळख व्हावी म्हणून.

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळील फिलिपी या गरीब वस्तीने त्याला शाळेची भिंत देऊ केली. पक्की भिंत तेवढी एकच होती. तेथे त्याने नेल्सन मंडेला यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले वचन अरबीत रंगविले. ते इंग्रजीत का लिहिले नाही, असे एकाने विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले, की झुलू भाषेत का नाही असे विचारले असते, तर तो आक्षेप रास्त ठरला असता. दुसऱ्याच्या गावी जाऊन चित्र काढणाऱ्याने तेथील माणसाला काय देणे लागते, हा प्रश्न त्या छोट्या संवादात दडलेला आहे. कैरोत तो अधिक तीव्रतेने समोर आला.

मन्शियत नासरमध्ये परवानगीचा मार्ग चर्चमधून जात होता. मुकत्तमच्या कड्यात कोरलेले संत सिमोन यांचे गुहाचर्च सुमारे २० हजार माणसे सामावून घेते. वस्तीचे सारे सामाजिक जीवन त्याच्याभोवती फिरते. तेथील तेव्हाचे धर्मगुरू फादर समान यांचा शब्द वस्तीत प्रमाण होता. मुस्लिम घराण्यातील कलाकार आपली कल्पना घेऊन त्यांच्याकडे गेला आणि त्यांचा आशीर्वाद मिळाल्यावर दारे उघडली. चित्रासाठी त्याने निवडलेले वचनही वस्तीच्या स्वतःच्या परंपरेतील होते. चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस यांच्या नावे ते सांगितले जाते. सूर्यप्रकाश स्पष्ट पाहावयाचा असेल, तर आधी स्वतःचा डोळा पुसावा लागतो, असा त्याचा भावार्थ.

हे वचन त्याने एका भिंतीवर लिहिले नाही. जवळजवळ ५० इमारतींवर मिळून पांढऱ्या, नारिंगी आणि निळ्या रंगांत एकच वर्तुळाकार रचना साकारली. त्यामागची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. टेकडीवरील एका ठरावीक जागेवरून सर्व इमारती एकाच चौकटीत दिसतात. त्या दृश्यावर आराखडा बसवावयाचा आणि मग प्रत्येक इमारतीच्या वाट्याला येणारा तुकडा वेगळा करावयाचा. इमारती पुढे-मागे असल्याने दूरच्या भिंतीवरील फटकारा मोठा आणि जवळच्या भिंतीवरील लहान काढावा लागतो. गल्लीत उभे राहून पाहिले, तर कोठे नुसती निळी कमान, कोठे नारिंगी पट्टा दिसतो. तुकड्यास स्वतंत्र अर्थ नाही. टेकडीवर त्या जागी उभे राहिले, की सारे तुकडे जुळून येतात.

म्हणून या कामात एकेका घराची संमती महत्त्वाची होती. एखाद्या कुटुंबाने नकार दिला असता, तर त्याच्याच भिंतीपुरते अक्षर तुटले असते. ज्या माणसांना शहर आपल्यात धरीत नव्हते, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या होकारावर ही रचना उभी होती. कलाकार आणि त्याचे सहकारी काही आठवडे त्या छपरांवर आणि भिंतींवर राबले. वस्तीने त्यांना घरच्या माणसांसारखे वागविले, हे एल सीडने पुढे वारंवार कृतज्ञतेने सांगितले आहे.

वस्ती कुरूप आहे, ती सुंदर करावी, असा त्याचा आरंभीचा विचार होता. सहवासात तो बदलला. ही माणसे कचऱ्यात राहत नाहीत, कचऱ्यावर चरितार्थ चालवितात, हे त्याच्या ध्यानात आले. आपल्या वस्तीला ती ‘झराईब’ म्हणतात. डुकरे पाळण्याच्या जुन्या व्यवसायाशी या नावाचे नाते आहे. शहराने दिलेले ‘झब्बालीन’ हे नाव त्यांना मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे, की कचरा निर्माण करतात ते शहरातील लोक, मग कचरावाले खरे कोण? या प्रश्नाचे उत्तर देणे कोणत्याही सुखवस्तू शहरास सोपे नाही. आपण वस्तू विकत घेतो, वापरतो आणि दाराबाहेर ठेवतो. दारापलीकडे तिचे काय होते, याचा हिशेब आपल्या वहीत नसतो. तो दुसऱ्याच कोणाच्या तरी वहीत लिहिला जातो.

एल सीडने आपल्या या कामास ‘दृष्टिकोन’ अशा अर्थाचे नाव दिले. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली, आणि ज्या वस्तीचे नाव केवळ दुर्गंधीच्या संदर्भात येई, ते चित्राच्या निमित्ताने छापून आले. तरी रंगाने घडू शकते तेवढेच घडले. कंत्राटे बदलली नाहीत, निवडण्याचे काम हलके झाले नाही, तुटलेल्या काचा हाताला कापावयाच्या थांबल्या नाहीत. शिवाय उघड्या भिंतीवरील चित्राला आयुष्याची हमी नसते. उन्हाने रंग विटतो. मुलाच्या लग्नासाठी एखाद्या घरावर नवा मजला चढला, तर एखादे अक्षर झाकले जाते. कुटुंबाच्या गरजेपुढे अक्षराने माघार घ्यावी, हेच योग्य.

कैरोला जाणाऱ्याने म्हणूनच केवळ कड्यावरून छायाचित्र घेऊन परतू नये. वरून वचन वाचता येते, पण माणसे दिसत नाहीत. खाली माणसे भेटतात, पण वचन जुळत नाही. उतारावरून गल्लीत उतरले, की दळणयंत्राचा आवाज कानी येतो आणि उंबरठ्याशी बसलेल्या बायका झाकणे एकीकडे, बाटल्या दुसरीकडे करीत असतात. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर एखादा पांढरा फटकारा असतो. तो कोणत्या अक्षराचा आहे, हे तेथून कळत नाही.