कोरडा घास आणि निगेटिव्ह अहवाल

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका आजींच्या पिशवीत पाण्याची लहान बाटली नेहमी असे. दोन वाक्ये बोलल्या की त्या एक घोट घेत. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि भाकरी आमटीत कुस्करल्यावाचून गिळवत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. मी रक्ततपासणी करवून घेतली. अहवाल निगेटिव्ह आला. ‘वयोमानाने होते असे,’ म्हणून मी त्यांना निरोप दिला. त्यानंतर त्यांनी ही तक्रार माझ्याकडे पुन्हा केली नाही.

दीड वर्षाने त्यांचे दात हिरड्यांलगत एकामागून एक किडू लागले. दंतवैद्यांनी त्यांना संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. ओठाच्या आतील सूक्ष्म लाळग्रंथींची बायोप्सी झाली आणि निदान हाती आले : शोग्रेन सिंड्रोम.

स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात १९ स्त्री-रुग्णांच्या आधारे हा विकार मांडला. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर उलटते. ‘रो’ आणि ‘ला’ ही या विकाराची प्रमुख प्रतिपिंडे. त्यांपैकी ‘रो’ बहुसंख्य रुग्णांत सापडते, सर्वांत नव्हे. संशोधनासाठी २०१६ साली ठरलेल्या निकषांत ‘रो’ला ३ गुण आहेत, बायोप्सीतील ठरावीक दाहालाही ३, डोळ्यांच्या व लाळेच्या चाचण्यांना प्रत्येकी १. आवश्यक गुण किमान ४. म्हणजे केवळ ‘रो’ आढळल्याने आजार सिद्ध होत नाही आणि ते न आढळल्याने तो नाकारताही येत नाही. हीच गोष्ट मी विसरलो होतो.

मग प्रतिपिंडे सांगतात तरी काय? ‘रो’ व ‘ला’ दोन्ही असणाऱ्यांत कानाखालच्या ग्रंथींची सूज, पायांवर जांभळे ठिपके, पांढऱ्या पेशींची घट या गोष्टी अधिक दिसतात. ‘सेंट्रोमिअर’विरोधी प्रतिपिंड असल्यास थंडीत बोटे पांढरी पडण्याचा त्रास अधिक आढळतो. आजार ग्रंथींबाहेर कुठवर पसरू शकेल, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. रुग्णाला घास किती कोरडा लागतो, हे मात्र त्यांत लिहिलेले नसते. प्रतिपिंडे नसलेल्या रुग्णांचा कोरडेपणा आणि वेदना मुळीच कमी नसतात.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनो, कोरडेपणाची तक्रार आली की प्रथम औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि लघवीवरील ताब्याच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते. मात्र त्या परस्पर बंद करू नका. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरा, गोड चघळणे टाळा, दातांची नियमित तपासणी करवून घ्या. कानाखालची सूज टिकून राहिली, अकारण वजन घटले, हातपाय बधिर झाले किंवा दम लागू लागला, तर विलंब न लावता दाखवा.

त्या आजींची मी क्षमा मागितली. त्या हसल्या आणि सवयीने एक घोट घेतला. आता डोळ्यांतील थेंबांनी त्यांना बराच आराम आहे. गेलेले दात मात्र परत येणार नाहीत. हल्ली कोणी अहवाल पुढे केला, की तो उघडण्यापूर्वी मी विचारतो, ‘जेवण कसे उतरते?’