जिथे पीठ नसतं तिथे

2008 च्या हंगामात सीतादही, म्हणजे कपाशीच्या पहिल्या वेचणीची पूजा करायला आम्ही वावरात गेलो, तेव्हा लांबून धुऱ्याकडच्या दहा-बारा ओळी लवकर फुटल्यासारख्या दिसत होत्या. आई खूश झाली. जवळ गेल्यावर कळलं की ती फुटलेली बोंडं नव्हती. शेंड्यांवर, पात्यांच्या बुडाशी, फांदी खोडाला मिळते त्या बेचक्यांत पांढऱ्या पिठाचे लगदे बसले होते. पानं चिकट झाली होती, त्या चिकट्यावर काजळी धरली होती आणि खोडावरून मुंग्यांची रांग वर-खाली चालू होती.

बाबांच्या तीन फवारण्या झाल्या होत्या. कृषी केंद्रवाल्याने दर वेळी बाटली नवी दिली, रोगाचं नाव मात्र तेच सांगितलं, ‘पांढरा रोग’. मी तेव्हा कीटकशास्त्रात एम.एस्सी. करत होते. घरात इतकं शिकलेली मी पहिलीच. मोठ्या ऐटीत म्हणाले, “बाबा, हा रोग नाही, कीड आहे. पिठ्या ढेकूण.”

बाबांनी पंप खाली ठेवला. “कोणता?” म्हणाले. “तुझ्या काकाच्या जास्वंदीवर होता, तोच काय?”

मला उत्तर देता येईना. माझ्या लेखी पिठ्या ढेकूण म्हणजे पिठ्या ढेकूण. परीक्षेत तेवढं लिहिलं की गुण मिळत होते.

वेचायला आलेल्या एका मावशींनी शेंडा खुडून माझ्यासमोर धरला. “पाह्य ना बाई, याच्या पाठीवर दोन काया रेघा हायेत. जास्वंदीवरच्याले नव्हत्या.” मी पाहिलं. तीन-चार मिलिमीटरचा लंबगोल जीव, तांदळाच्या पिठात घोळवल्यासारखा. डोक्यामागे दोन काळसर ठिपके आणि खाली पोटाच्या भागावर तुटक तुटक दोन समांतर रेघा. मी शिकलेली, पण रेघा मावशींना आधी दिसल्या.

औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या मी चांगल्या विसळून घेतल्या. एकीत कपाशीवरचे नमुने भरले, दुसरीत काकांच्या जास्वंदीवरचे, आणि परत गेले. सरांनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. म्हणाले, “पिठावरून जात ओळखत नाहीत. पीठ उतरव, आतलं सगळं काढून टाक, नुसती कातडी ठेव. मग बोलू.”

ऐकायला सोपं वाटलं. नमुना अल्कोहोलमधून काढायचा, बारीक सुईने अंगाच्या कडेला एक छिद्र पाडायचं, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मंद आचेवर तापवायचा. आतलं मऊ झालं की चपट्या सुईने हलके दाबत त्या छिद्रातून बाहेर काढायचं. मग पाण्यात धुवायचं, अॅसिड फुक्सिनने गुलाबी रंगवायचं, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून नेऊन पाणी घालवायचं, लवंगेच्या तेलात पारदर्शक होऊ द्यायचं आणि शेवटी कॅनडा बाल्समच्या थेंबात काचेवर उताणं निजवून वर झाकणकाच टेकवायची.

पहिला नमुना मी शिजवून टाकला. कातडीच विरघळली. दुसरा दाबताना फाटला. तिसरा, चौथा, पाचवा काचेवर आले, पण एकाची शृंगिका तुटलेली, एकाचे पाय पोटाखाली दुमडलेले, एकाच्या डोक्यावर नेमका हवेचा बुडबुडा. दोन आठवडे हाताला लवंगेचा वास होता. वसतिगृहातल्या मुली विचारायच्या, दाढ दुखतेय का.

अकरावी काच साधली.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि क्षणभर कळेना की हे तेच आहे. पीठ नाही, पोट नाही, रस नाही. गुलाबी काचेसारखी एक चपटी आकृती, आणि तिच्यावर कोणी बारीक टाक्याने भरतकाम करून ठेवावं तशी नक्षी. सर शेजारी बसले आणि नकाशा वाचावा तसं वाचायला शिकवलं.

आधी मिशा, म्हणजे शृंगिका. मोज. नऊ खंड. मग पाय. खवले किडींच्या मोठ्या गोतावळ्यातल्या बऱ्याच माद्या एकदा सोंड रुतवून बसल्या की पाय गमावतात, लाखेच्या किडीची मादी त्यांतलीच. पिठ्या ढेकणाच्या मादीचे सहाही पाय सहसा शेवटपर्यंत शाबूत असतात, म्हणून ती सावकाश का होईना, फांदी बदलते. पायाच्या टोकाला एकच नखी. “नखीच्या आतल्या बाजूला पाहा,” सर म्हणाले. तेलाचं भिंग लावल्यावर तिथे एक इवलासा दात दिसला.

मग अंगाची कड. कडेने ठरावीक अंतरावर शंकूसारख्या दोन-दोन काट्यांच्या जोड्या आणि त्यांच्याभोवती छिद्रांचे पुंजके होते. त्यांना सेरारी म्हणतात. अंगाच्या कडेला मेणाची जी आखूड झालर दिसते, ती इथून निघते. मी डोक्यापासून मोजत गेले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा दोन्ही बाजू जुळल्या. सेरारींच्या 18 जोड्या. सगळ्या अंगभर तीन कप्प्यांची चिमुकली छिद्रं विखुरली होती. बाहेरून जे पीठ म्हणून दिसतं, तो मेणाचा थर ह्याच गिरण्यांतून येतो. पोटाखाली मधोमध एक चकती, पाठीवर पुढे दोन आणि मागे दोन अशा ओठांसारख्या चिरा, शेवटाला गुदकड्यावर सहा केस. इतकं सगळं त्या पिठाखाली होतं.

जास्वंदीवरच्या मादीची काच शेजारी ठेवली. तिच्याही शृंगिकांचे खंड नऊच. तिथेच थांबले असते, तर दोघी एकच ठरवून मोकळी झाले असते. पण तिच्या नखीला दात नव्हता, आणि सेरारी अंगभर नव्हत्या, मागच्या टोकाला मोजक्याच होत्या. ती मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस निघाली, द्राक्षबागायतदारांच्या चांगल्या ओळखीची. कपाशीवरची होती फेनाकॉकस सोलेनॉप्सिस.

मावशींच्या रेघांचा अर्थ मला त्यानंतर कळला. त्या जागी वेगळा काळा रंग नसतो. तिथे मेण नसतं आणि खालची कातडी उघडी पडते. सगळं अंग झाकणारी ही मादी पाठीवर थोडी जागा मोकळी सोडते, आणि तीच तिची खूण.

मी दोन काचांशी झटत होते, तेव्हा मोठी माणसंही ह्याच किडीशी झटत होती. 2005 च्या सुमाराला ती पाकिस्तानात कपाशीवर दिसली. तिथे तिला नवी जात समजून वेगळं नाव दिलं गेलं होतं. काहींना ती फेनाकॉकस सोलानी वाटली. 2008 मध्ये ख्रिस हॉजसन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ही सोलेनॉप्सिसच आहे, हंगामाप्रमाणे तिच्या अंगावरच्या खुणा कमी-जास्त होतात आणि त्यामुळे माणूस फसतो. पुढच्या वर्षी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली. नऊ राज्यांतल्या 47 ठिकाणांहून आणलेल्या नमुन्यांत 95 टक्के हीच होती. बाकीची, काकांच्या जास्वंदीवरची.

नावातही गंमत आहे. टिन्स्ली यांनी 1898 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. ती सापडली होती सोलेनॉप्सिस ह्या मुंग्यांच्या वारुळात, म्हणून मुंगीचंच नाव तिला मिळालं. आमच्या पऱ्हाटीवरची मुंग्यांची रांग आठवली. मुंग्या चिकटा खातात आणि बदल्यात किडीच्या शत्रूंना हाकलतात. ते नातं तिच्या नावातच लिहून ठेवलेलं होतं.

नाव कळलं, पण बाबांना त्याचा उपयोग काय? तो पुढच्या हंगामात कळला. धुऱ्यावरचं गाजरगवत बाबांनी पावसाळ्यातच उपटून टाकलं, कारण ही सोलेनॉप्सिस तिथे राहते आणि तिथून कपाशीवर उतरते. त्यांनी फवारणीही थांबवली, धास्तावतच. सप्टेंबरमध्ये मी गेले, तेव्हा काही शेंड्यांवर लगदे होते, पण त्यांतल्या कित्येक माद्या फुगून तपकिरी, चामड्यासारख्या कडक झालेल्या होत्या. काहींच्या टोकाला टाचणीने पाडावं तसं गोल भोक. एक कडक दाणा मी काचेच्या नळीत ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यातून काळी, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची माशी बाहेर आली.

ही परोपजीवी माशी कोणी आणून सोडलेली नव्हती, आपसूक आली होती. अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी 2009 मध्ये तिचं नवी जात म्हणून वर्णन केलं आणि राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. बंबावाले यांच्या सन्मानार्थ तिला एनॅसियस बंबावालेई म्हटलं. पुढे कळलं, ती अमेरिकेतून आधीच नोंदलेली एनॅसियस अॅरिझोनेन्सिस आहे. जुनं नाव टिकलं, नवं गेलं. पण बाबांच्या आधीच्या तीन फवारण्यांनी किडीबरोबर तिलाही मारलं असणार, हे त्या नळीकडे बघताना मला उमगलं.

अकरावी काच अजून माझ्याकडे आहे. तिच्या चिठ्ठीवर गाव, पीक, तारीख आणि माझं नाव आहे. रेघा मावशींनी दाखवल्या हे लिहायला तिथे रकाना नसतो.

गेल्या वर्षी बाबांनी फोनवर एक फोटो पाठवला. अंगणातली जास्वंद, शेंडे चुरगळलेले, पांढरे. खाली एकच शब्द, “कोणता?”

मी लिहिलं, “पाठ दिसेल असा पाठवा, जवळून.”

अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला. बाबांचा अंगठा, त्यावर एकच मादी, पिठात घोळवलेली. मी फोटो मोठा करून पाहिला. रेघा नव्हत्या.

“काकाच्या जास्वंदीवरची,” मी लिहिलं.