लोखंडाचा कीस

एप्रिलची सकाळची शाळा होती. अकोल्यात नऊ वाजताच पत्रे तापू लागतात. मी कागदाखाली चुंबक धरला, वर लोखंडाचा कीस भुरभुरला आणि टिचकी मारली. कमानी उमटल्या. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “फादर, ह्या रेषा खऱ्याच असते का? मोजल्या तर किती भरतीन?”

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या जोडीने जे थोडे विज्ञान पदरी पडले होते, त्याच्या बळावर मी ठामपणे म्हणालो, “रेषा काल्पनिक. मोजायच्या नसतात.” मुलगा मुकाट्याने खाली बसला.

कागदापुरते माझे उत्तर बरोबर होते. परंतु काही पदार्थ अतिशय थंड केले की अतिसंवाहक होतात. विजेला त्यांच्यात अडथळा उरत नाही. त्यांपैकी पुष्कळांत शिरलेले चुंबकत्व खरोखरच सुट्या धाग्यांत विभागते, आणि प्रत्येक धागा एकाच मापाचा. आपल्या अंगणातून जाणारे पृथ्वीचे चुंबकत्व या मापाने मोजले, तर चौरस मिलिमीटरला सुमारे वीस हजार धागे भरतील. १९६७ साली जर्मनीत एसमान आणि ट्रॉयब्ले यांनी हे धागे दाखवले, ते शिसे-इंडियमच्या तुकड्यावर लोहचुंबकीय कणांचा धूर सोडून. म्हणजे माझाच कीस. फक्त शून्याखाली २७२ अंशांवर!

१९८६ मध्ये सापडलेले तांब्याच्या ऑक्साइडांचे अतिसंवाहक मात्र जुन्या सिद्धांतात बसेनात. १९९४ मध्ये अमेरिकेत त्सुई आणि कर्टली यांनी असे तीन स्फटिक ठरावीक कोनांत जोडले, सांध्याभोवती इवले कडे कोरले आणि अतिसूक्ष्म चुंबकमापकाने त्यावरून फेरी मारली. बाहेरून चुंबकत्व दिले नसतानाही कड्यात धागा होता, आणि तो अर्धा! या पदार्थांतील इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांची लाट दिशेप्रमाणे उलटते, हे त्या अर्ध्या धाग्याने उघड केले. एका चित्राने वर्षांचा वाद इतका पुढे न्यावा, याचे मला अजून नवल वाटते.

असे धागे आपल्याकडेही टिपले जातात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.३५ अंशावर चालणारे यंत्र उभारले. तेथे कीस नाही. पृष्ठभागालगत फिरणारी सुई इलेक्ट्रॉनांवरून धाग्यांच्या जागा ओळखते.

गेल्या पावसाळ्यात अमरावतीला एका लग्नात तो मुलगा भेटला. आता वायरमन आहे. “तुझ्या रेषा मोजता येतात रे,” मी म्हणालो. त्याला तो तास आठवेना. पण आकडा त्याने दोनदा विचारून घेतला.